पेट्रोलच्या सहा वह्या

बँकेत शेतीकर्जांच्या तपासणीसाठी गावोगाव फिरायचं काम होतं. स्वतःची गाडी वापरली की किलोमीटरमागे भत्ता मिळायचा, आणि भत्त्याचं बिल लावायचं तर आकडे हवेत. म्हणून १९८६ साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली त्याच आठवड्यात कऱ्हाडच्या बाजारातून दोनशे पानी वही आणली. तारीख, मीटर, लिटर, रुपये, शेरा असे पाच रकाने आखले. भत्ता निवृत्तीबरोबर २०१७ साली संपला, पण वही काही सुटली नाही. सध्या सहावी चालू आहे. पाच गाड्या आणि पावणेपाच लाखांच्या आसपास किलोमीटर या वह्यांत बसले आहेत.

दारात नवी गाडी आली की गावाकडचा थोरला चुलतभाऊ, आबा, एकच प्रश्न विचारतो. बाजारात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून विचारावा तसा, बॉनेटवर हात ठेवून: "किती देती?" माझी पाच उत्तरं अशी होती. पद्मिनी साडेअकरा. मारुती ८०० सतरा. मग एसी असलेली एक हॅचबॅक, साडेपंधरा. डिझेलची सेडान, एकोणीस. आणि २०२१ साली घेतलेली टर्बो पेट्रोलची छोटी एसयूव्ही, साडेतेरा.

पाचव्या वेळी आबा जरा थांबून म्हणाला, "पस्तीस वर्षांत मग सुधारलं काय म्हणायचं?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. वह्या पुन्हा काढून बसलो, आणि त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. आधी माप नीट घ्यावं

टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची, मीटर लिहायचं, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. एका टाकीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, निदान पाच टाक्यांची सरासरी काढावी. डॅशबोर्डवरचा आकडा बघायला छान असतो. माझ्या गाडीत तो वहीपेक्षा नेहमी अर्धा-पाऊण किलोमीटर उदार निघाला आहे.

वहीचा दुसरा उपयोग पंपावर कळला. एकदा हायवेवरच्या एका पंपावर, काटा पाव टाकी दाखवत असताना, ३५ लिटरच्या टाकीत ३४ लिटर 'बसले'. मी पाच लिटरचं माप मागितलं. ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे आणि पंपावर ते ठेवावंच लागतं. माप सापडायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मॅनेजर चहा घेऊन आला. त्या पानावर शेऱ्यात एवढंच लिहिलं आहे: 'चहा चांगला होता.'

२. किती देते यापेक्षा किती खाते ते बघावं

म्हैस घेताना आबा दूध विचारतो आणि लगेच पेंडेचा हिशेबही विचारतो. गाडीच्या बाबतीत आपण पेंड विचारतच नाही. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असा हिशेब करतात, आणि आपल्या सरकारचे इंधनाचे निकषही याच मापात लिहिलेले आहेत. उलटा हिशेब केला की गंमत कळते. दहा देणारी गाडी बारा द्यायला लागली तर शंभर किलोमीटरला जवळजवळ पावणेदोन लिटर वाचतात. अठरा देणारी वीस द्यायला लागली तर जेमतेम अर्धा लिटर. दोन्हीकडे 'दोनचा फरक' म्हणून आपण सारखेच खूश होतो. खरी बचत जास्त खाणाऱ्या गाडीत असते, आणि अॅव्हरेजची चर्चा मात्र कमी खाणाऱ्या गाड्यांबद्दलच चालते.

३. टेकडीवरचा आकडा आणि वहीतला आकडा

जाहिरातीत तारा लावून छापलेला आकडा बहुतेक वेळा एआरएआयचा असतो. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रस्त्यावर पळवत नाहीत. चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती फिरवतात. साधारण वीस मिनिटांची ही परीक्षा असते; वेग ताशी ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो, खड्डा नाही, गाय नाही, मागून हॉर्न वाजवणारा नाही. धुरातून किती कार्बन गेला ते मोजून इंधनाचा हिशेब काढतात.

पूर्वी मला वाटायचं की ही फसवणूक आहे. आता तसं वाटत नाही. सगळ्या गाड्यांना एकच पेपर दिलेला असतो, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. आपल्या दारात तेवढंच मिळेल असं समजलं की घोटाळा होतो. माझ्या वह्यांत गावात त्याच्या दोन तृतीयांश आणि हायवेवर चार पंचमांश मिळालं आहे. त्या दोन तृतीयांशाची मनाची तयारी ठेवून गाडी घेतली तर नंतर भांडण होत नाही.

४. इंजिन खरोखरच सुधारलं, पण वेगळ्याच कारणाने

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट उष्णता असते. आपल्या घरच्या वीजबिलातलं युनिट असतं तेच हे. पद्मिनीच्या जमान्यात त्या नऊतली दोन-सव्वादोन युनिटं चाकांपर्यंत पोचत असतील. बाकीची रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून आणि घर्षणात जायची. थंडीत पहाटे निघताना चोक ओढायचा, मग न जळलेल्या पेट्रोलचा वास अंगणभर पसरायचा, आणि आई आतून म्हणायची, "तुझी गाडी आधी उदबत्ती लावते आणि मग निघते."

कार्ब्युरेटर म्हणजे अंदाजपंचे मिश्रण. नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने पावणेपंधरा भाग हवा लागते, आणि कार्ब्युरेटर ते प्रमाण चढाला वेगळं, उताराला वेगळं, थंडीत आणखी वेगळं देणार. आमच्या मिस्त्रीकडे त्यावर एक ठरलेला इलाज होता: जेट बारीक करायचा. अॅव्हरेज एक-दीड किलोमीटरने वाढायचं आणि कोयनेच्या रस्त्याला लागलं की गाडी दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकायची. मग पुन्हा जेट मोठा. पहिल्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात 'जेट बा.' आणि 'जेट मो.' हे शब्द ऋतूंसारखे आलटून पालटून येतात.

हे संपवलं ते प्रदूषणाच्या नियमांनी. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि त्यांच्यासाठी शिशाविना पेट्रोल. २००० च्या सुरुवातीला शिशाचं पेट्रोल देशातूनच गेलं. त्याच सुमारास नवे उत्सर्जन निकष लागू झाले, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे आधी आणि मग सगळीकडे, आणि कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल देणारी इंजेक्शनची यंत्रणा बसली. कन्व्हर्टरला धुरातल्या ऑक्सिजनचं प्रमाण काटेकोर लागतं, म्हणून मिश्रण काटेकोर करावं लागलं. अॅव्हरेज वाढलं ते या सफाईच्या पाठोपाठ. शहरातल्या पोरांची फुप्फुसं वाचवायला निघालो आणि वाटेत पेट्रोल वाचलं, असा तो इतिहास आहे.

त्यानंतरही सुधारणा थांबल्या नाहीत. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ इंजिनच्या वेगाप्रमाणे बदलू लागली. पेट्रोलचा दर्जा सुधारला तसं सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त दाबता येऊ लागलं. जुन्या इंजिनात ते सात-आठ पट दाबलं जायचं, आजच्या काहींत बारा पट. वंगण पातळ झालं, गिअर चाराचे पाच आणि पाचाचे सहा झाले. आजची सर्वांत चांगली पेट्रोल इंजिनं अनुकूल वेगावर उष्णतेतली ४० टक्के कामाला लावतात. नऊतली साडेतीन युनिटं! पद्मिनीला हे सांगितलं असतं तर तिने आहे तिथे बॉनेट उघडून वाफ सोडली असती.

५. मग ते गेलं कुठे?

इथे मला आबाचीच भाषा उपयोगी पडली. उसाचा हिशेब टनात होतो. म्हटलं, गाडीचाही टनात करून बघू. एका लिटरमध्ये एक टन ओझं किती किलोमीटर ओढलं? नुसत्या गाडीचं वजन धरायचं, आत कोण बसलंय ते सोडून द्यायचं.

पद्मिनी साधारण ९०० किलोची. साडेअकराला गुणलं तर सव्वादहा-साडेदहा टन-किलोमीटर. ८०० फक्त साडेसहाशे किलोची. तिचं अॅव्हरेज सतरा असलं तरी हिशेब निघतो अकरा. म्हणजे तिच्या नावलौकिकातला मोठा वाटा तिच्या हलकेपणाचा होता, इंजिनाने फार मोठा तीर मारलेला नव्हता. हॅचबॅक साडेआठशे किलोची, तिचे तेरा. आणि ज्या एसयूव्हीकडे बघून आबाने 'सुधारलं काय' विचारलं ती साडेबाराशे किलोची: तिचे जवळजवळ सतरा.

दहावरून सतरा. पंप तोच, पण पाणी दीडपटीहून जास्त काढतोय. वहीत मात्र साडेअकराचे साडेतेरा झालेले दिसतात. मधली सगळी कमाई मीच खर्च केली.

कशावर, तेही वहीत आहे. २००४ मध्ये एसी आला. मे महिन्यात त्याच्यापायी दहा-बारा टक्के जास्त पेट्रोल जातं, दर वर्षी, न चुकता. पद्मिनीची ताकद चाळीसेक अश्वशक्ती होती आणि तिच्यात आम्ही सहा माणसं, दोन पोती आणि एक कोकरू घेऊन जत्रेला गेलो आहोत. आताच्या गाडीची ताकद त्याच्या तिप्पट आहे आणि तिच्यात बहुतेक वेळा मी एकटा असतो. पॉवर स्टिअरिंग, मागचा वायपर, मोठी चाकं, आवाज आत येऊ नये म्हणून दारांत भरलेले थर, कॅमेरे. प्रत्येक गोष्ट घेताना 'एवढ्याने काय होतं' असंच म्हटलं होतं.

एअरबॅग, एबीएस आणि धडकेच्या चाचणीसाठी मजबूत केलेला सांगाडा यांचं वजन मात्र मला खुपत नाही. २०१७ नंतर ते नियमांनी टप्प्याटप्प्याने आलं. पद्मिनीत पुढे बसलेल्या माणसाची एअरबॅग म्हणजे मांडीवरचं कोकरू.

हे माझ्या एकट्याचंही नाही. एमआयटीतले अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर निटेल यांनी अमेरिकेतल्या गाड्यांचा असाच हिशेब २०११ साली छापला. १९८० ते २००६ या काळात तिथे अॅव्हरेज वाढलं जेमतेम १५ टक्के. गाड्यांचं वजन आणि ताकद १९८० इतकीच ठेवली असती तर ते ६० टक्क्यांच्या आसपास वाढलं असतं. १९७३ च्या तेलसंकटाने घाबरून त्यांनी कायदे केले, संकट विसरल्यावर गाड्या पुन्हा गुटगुटीत झाल्या. माझ्या वहीतली टक्केवारी काढली तर अॅव्हरेज सतरा टक्के, टन-किलोमीटर साठाच्या वर. कऱ्हाड आणि एमआयटीचं केंब्रिज यांचं असं जमेल हे मला वाटलं नव्हतं.

आपल्याकडे या गुटगुटीतपणाला एक स्वदेशी वळणही आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क कमी झालं. हेतू चांगला होता. पण लांबी वाढवता येत नाही म्हटल्यावर गाड्या उंच व्हायला लागल्या, चाळीत जागा नसली की पोटमाळा काढतात तशा. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त युटिलिटी प्रकारातल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच या पोटमाळ्यावाल्या. सरकारचे सरासरी इंधनवापराचे निकष २०१७ पासून लागू आहेत. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी आधी किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २०२२ पासून ११३. पण मर्यादा वजनाला बांधलेली आहे. ज्याच्या गाड्या जड त्याला थोडी सूट. वर्गात जाड मुलाला पळण्याचा वेळ वाढवून दिला तर तो वजन कशाला उतरवील?

हा सगळा हिशेब मी बायकोला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे ८०० परत घ्यायची म्हणता? घ्या. मे महिन्यात चिपळूणला तुम्ही एकटे जा."

६. हायवे चौपदरी झाला आणि वाऱ्याशी गाठ पडली

पुणे-बंगळूर रस्ता दुपदरी होता तेव्हा ट्रकच्या मागे साठ-सत्तरच्या वर जाताच यायचं नाही, आणि तेव्हाचं कऱ्हाड-पुणे अॅव्हरेज वह्यांत सगळ्यांत चांगलं आहे. चौपदरी झाल्यावर शंभरच्या वर काटा सहज जातो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलं की तो जवळजवळ दुप्पट होतो. एकाच आठवड्यात, त्याच गाडीने, त्याच रस्त्याने मी दोन्ही करून पाहिलं. ८० ला साडेसतरा, ११० ला साडेतेरा. वेळ वाचला अर्धा तास, आणि तो अर्धा तास कात्रजला सिग्नलवर परत दिला.

७. शून्याचं अॅव्हरेज

उभ्या गाडीचं इंजिन चालू असलं की अॅव्हरेज शून्य, मग गाडी कुठलीही असो. छोटं इंजिनही तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, एसी लावला की जास्त. मुलीकडे पुण्यात चार दिवस राहून आलं की त्या टाकीचा आकडा दहाच्या खाली असतो. सिग्नलला इंजिन बंद करा असं पीसीआरए, म्हणजे इंधनबचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेली संस्था, कधीपासून सांगते आहे. आता काही गाड्या ते आपोआप करतात आणि बरेच जण पहिल्याच दिवशी बटण दाबून ती सोय बंद करतात.

८. घाटात न्यूट्रल करू नये

कुंभार्ली घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची ही विद्या मी ट्रकवाल्यांकडून शिकलो. कार्ब्युरेटरच्या काळात थोडं पेट्रोल वाचायचंही. १९९७ च्या पावसाळ्यात मी शहाणपणाने इंजिनही बंद केलं. दोन वळणांनंतर ब्रेक दगडासारखा कडक झाला, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनापासूनच मिळतो हे मी विसरलो होतो. हँडब्रेक, दुसरा गिअर आणि डोंगराच्या बाजूची ओली माती, या तिघांनी मिळून गाडी थांबवली. बायको मागे बसली होती. ती काही बोलली नाही. चिपळूण येईपर्यंत एक शब्दही नाही.

आणि वाचवायचं तरी काय? इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोल पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट थोडं जाळावं लागतं. जुनी अक्कल नव्या यंत्रात तोट्याची ठरते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

९. लोहचुंबक

पेट्रोलच्या नळीला लावायचा लोहचुंबक, टाकीत टाकायची गोळी, हवेच्या नळीत बसवायची पंखी. तिन्ही घेतलं आहे. वहीत तिघांच्याही आधीचा आणि नंतरचा आकडा आहे, फरक नाही. विकणाऱ्याने 'वीस टक्के' सांगितलं होतं आणि तो दोन दिवसांनी त्या टपरीवर नव्हता. टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघणं मात्र लागू पडलं, आणि त्याला पाच रुपये लागतात.

१०. आबाचा ऊस माझ्या टाकीत

२०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळीकडे तेच झालं. २०३० चं उद्दिष्ट सरकारने २०२५ वर ओढून आणलं होतं. कऱ्हाडच्या पंचक्रोशीत हे आनंदाने झालं, कारण इथेनॉल मळीतून आणि उसाच्या रसातून निघतं. मका आणि तांदळातूनही निघतं, पण इकडे इथेनॉल म्हटलं की कारखान्याची डिस्टिलरीच डोळ्यांपुढे येते.

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी उष्णता असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के शक्ती कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं आहे की जुन्या, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांचं अॅव्हरेज सहा-सात टक्के घटेल, आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट एक-दोन टक्के राहील. कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. त्याला साजेसं इंजिन जुळवलं तर गेलेलं थोडंफार परत मिळवता येतं. माझी गाडी २०२१ ची, म्हणजे आधीच्या पंगतीतली. साडेतेराचे पावणेतेरा झाले. टायरही जुने झालेत, पाऊसही फार होता, तेव्हा सगळा दोष इथेनॉलला देणार नाही. पण कल स्पष्ट आहे.

मला जे टोचतं ते वेगळंच. अॅव्हरेज घटेल हे कागदावर आधीच होतं, मग पंपावर लिटरचा भाव लावताना उष्णतेचा हिशेब का नाही? पातळ दूध घट्ट दुधाच्या भावाने कोण घेतं?

हे आबापुढे बोलायची चूक केली. तो ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"आरं, तुझी गाडी माझ्याच उसाचा रस पितीया की! घोटभर जास्त पिली तर पाव्हण्याला न्हाई म्हणतोस व्हय?"

त्याच्या शेतातून दर वर्षी शंभर-सव्वाशे टन ऊस जातो. माझं वर्षाला चाळीसेक लिटर पेट्रोल जास्त जातं. कुटुंब म्हणून आम्ही फायद्यातच असू. त्या उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र दोघांच्याही वहीत नाही.

११. किलो म्हणजे लिटर नव्हे

भाचा सीएनजी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, बत्तीस देते!" किलोला. एका किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलएवढी उष्णता असते. दीडने भागलं तर एकवीस, म्हणजे त्याच गाडीच्या पेट्रोलच्या आकड्याच्या जवळपास. पैसे वाचतात ते गॅस स्वस्त आहे म्हणून. गाडी हुशार झालेली नाही. डिझेलचंही थोडं तसंच. डिझेलचं इंजिन मुळात काटकसरी हे खरं, पण डिझेलचा लिटरही जड असतो, त्यात दहाएक टक्के उष्णता जास्त असते. माझ्या एकोणिसातले दोन तिथलेच.

१२. बचतीचं पेट्रोल कुठे जातं

हा धडा सर्वांत उशिरा कळला, कारण वर्षाच्या शेवटी लिटरची बेरीज मी करतच नव्हतो. केली तेव्हा दिसलं: ८०० च्या काळात वर्षाला साडेपाचशे लिटर. डिझेलच्या सेडानच्या काळात, अॅव्हरेज एकोणीस असताना, हजाराच्या जवळ. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं, त्याचा भाव २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारच ठरवायचं. 'डिझेलच तर आहे' म्हणून आम्ही गणपतीपुळ्याला गेलो, गोंदवल्याला गेलो, कोल्हापूरला नुसता तांबडा-पांढरा खाऊन परत आलो. एसटीचा पास होता तो त्याच काळात सुटला. विल्यम जेव्हन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६५ सालीच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलंय: इंजिनं काटकसरी झाली की कोळसा कमी नाही, जास्त लागतो. त्याच्याकडे तांबडा-पांढरा नव्हता, तरी त्याला कळलं.

मागच्या दिवाळीत मुलगी आणि जावई पुण्याहून त्यांची बॅटरीवरची गाडी घेऊन गावी आले. आबा उठला, काठी भिंतीला टेकवली, बॉनेटवर हात ठेवला.

"किती देती गं?"

"युनिटला सात किलोमीटर, आबाकाका."

मी मनात गुणाकार केला. लिटरभर पेट्रोलची नऊ युनिटं, म्हणजे त्रेसष्ट. अर्थात वीज बनवताना कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वीजकेंद्रातच उडून जाते, तेव्हा ते त्रेसष्ट सरळ धरता यायचे नाहीत. पण निम्म्याहून कमी धरले तरी ८०० मागे पडते. हे सगळं मी बोलायला तोंड उघडलं होतं.

आबाचा हिशेब आधी झाला होता. "युनिट म्हंजे आपल्या मोटारीचंच का?" विहिरीवरच्या पंपाला इकडे मोटार म्हणतात.

"हो, तेच."

"मग रातच्याला यायची ही," तो म्हणाला. "आमच्या मोटारीला लाइट बारानंतर असती."